पिंपळखुट्यांची परवानगी

आमच्या मिश्रा साहेबांच्या कॉम्प्युटरचं घड्याळ एकदा सात मिनिटं मागे पडलं, आणि ते पुढे करायला साहेबांना लेखी अर्ज करावा लागला. मिश्रा साहेब म्हणजे आमच्या कार्यालयाचे प्रमुख. अर्ज घेणारे मधुकर पिंपळखुटे, हुद्द्याने त्यांच्यापेक्षा चार पायऱ्या खाली. अर्ज वाचून पिंपळखुट्यांनी त्यात दुरुस्तीही सुचवली.

“साहब, ‘घड़ी बदलना’ काटिए. ‘घड़ी का समय बदलना’ लिखिए. घड़ी तो वही रहेगी.”

साहेबांनी खोडून लिहिलं. मग पिंपळखुटे टेबलाशी आले, डाव्या हाताचा आडोसा करून म्हणाले, “अब जरा खिड़की के बाहर देखिए.” साहेब आपल्याच केबिनमध्ये, आपल्याच खुर्चीत, मान वळवून समोरच्या कडुनिंबाकडे बघत बसले. तेवढ्यात पासवर्ड पडला, सात मिनिटं सरकली, अर्जावर ‘कार्यवाही की गई’ असा शेरा आला आणि अर्ज फाइलला लागला. ती फाइल मी स्वतः पाहिली आहे. तिच्यात असे पुष्कळ अर्ज आहेत, आणि त्यातले तीन माझे आहेत.

आमचं कार्यालय राइट टाउनमध्ये, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. नर्मदेचं आणि तिला मिळणाऱ्या नद्यांचं पाणी किती चढलं, किती उतरलं, याचे आकडे ठिकठिकाणाहून आमच्याकडे येतात. आम्ही ते तपासून वर पाठवतो. माणसं अकरा, कॉम्प्युटर नऊ, आणि त्या नऊ कॉम्प्युटरांचे राखणदार पिंपळखुटे. अकरा जणांत मराठी आम्ही दोघंच. बाकीच्यांना त्यांचं आडनाव कधीच झेपलं नाही. ते त्यांना ‘पिंपल साहब’ म्हणत. पिंपळखुट्यांनी कधी कोणाला टोकलं नाही. माणसांच्या चुका ते सहज सोडून देत. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र सूट नव्हती.

त्यांची व्यवस्था अशी होती. प्रत्येक मशीनवर दोन खाती. एक साधं, आपल्यासारख्यांचं. त्यातून प्रोग्राम उघडा, आकडे भरा, आपलं काम आपल्या फोल्डरात ठेवा. दुसरं खातं ॲडमिनचं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं. नवीन प्रोग्राम टाकायचा, जुना काढायचा, आत बसवलेल्या फाइलींना हात लावायचा तर ते खातं लागतं, आणि त्याचा पासवर्ड फक्त पिंपळखुट्यांच्या डोक्यात. साध्या माणसाने नको तिथे बोट घातलं की पडद्यावर लगेच पाटी येई: परवानगी नाही. ही पाटी आली की ते आपल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवरून, मान वर न करता, म्हणत: “चलाइए. हिलाइए मत.”

मला तेच मराठीत मिळे. “ताई, चालवा. हलवू नका.”

याला कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव तिवारीजी. आवक-जावक सांभाळणारे तिवारीजी हौसेने लोकांच्या पत्रिका काढून देतात. फार पूर्वी, पिंपळखुटे इथे नवीन असताना आणि सगळ्यांना सगळं खुलं असताना, तिवारीजींनी पत्रिका काढायचा एक प्रोग्राम पेन ड्राइव्हवर आणून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाकला. त्या प्रोग्रामने आपली एक फाइल पाण्याच्या प्रोग्रामच्या त्याच नावाच्या फाइलवर बसवली. तिवारीजींना सून कशी मिळणार ते कळलं, पण नर्मदा किती चढली ते दोन दिवस कोणाला कळेना. भर पावसाळ्याचे दिवस. दोन दिवस आम्ही फोनवर आकडे घेऊन हाताने तक्ते भरले. तिसऱ्या दिवशी पिंपळखुट्यांनी सगळी मशीनं बंद केली आणि सगळ्यांचे अधिकार काढून घेतले.

तिवारीजींनी ते मनावर घेतलं. नंतर बरीच वर्षं ते दर महिन्या-दोन महिन्यांनी त्या दाराची कडी हलवून बघायचे. आणि पिंपळखुटे सकाळी आल्या आल्या म्हणायचे, “तिवारीजी, कल सवा तीन बजे फॉन्ट के फोल्डर में क्या ढूँढ रहे थे?” कॉम्प्युटर सगळं लिहून ठेवतो, हे तिवारीजी दर वेळी विसरत.

एक गोष्ट मला उशिरा कळली. पिंपळखुटे स्वतःही रोज साध्या खात्यातूनच काम करत. मी विचारलं, “काहो, तुम्हाला तर सगळं खुलं आहे. तुम्ही काहून साध्यातून काम करून राहिले?”

“मी पण साधाच माणूस आहे ना, ताई,” ते म्हणाले. “अधिकार घेऊन दिवसभर बसलं की हात कुठेतरी जातोच. लागल तेव्हा घ्यायचे, काम झालं की ठेवून द्यायचे.”

एवढं बोलणंसुद्धा त्यांच्या मानाने भाषण होतं. डबा ते एकटे खात, खिडकीकडे तोंड करून. कोणाच्या घरच्या लग्नाला नाही, मुंजीला नाही, साहेबांच्या घरी होळीला नाही. आमच्याकडे गणपती असतो. मी दर वर्षी सांगे, आणि दर वर्षी ते म्हणत, “बघतो, ताई. जमणार नाही.” बघायच्या आधीच जमणार नसे. साडेपाचला त्यांची स्कूटर सुरू झालेली ऐकून खालचा दवाखानेवाला आपलं घड्याळ लावी.

दिवसातून दोनदा, बाराला आणि तीनला, ते घरी फोन करत. तो फोन म्हणजे आमच्या कार्यालयातलं न उलगडलेलं प्रकरण होतं. “आज काय उघडलं?” ते हळूच विचारत. मग ऐकत. मग म्हणत, “स्क्रू एका वाटीत ठेवा. मोजून.” आणि खिशातल्या डायरीत काहीतरी टिपून ठेवत. तिवारीजींचं ठाम मत होतं की पिंपल साहब घरी चोरून रिपेअरिंगचं दुकान चालवतात. “सरकारी आदमी, दुकान बीवी के नाम पर होगी,” असं ते म्हणत. पिंपळखुट्यांनी लग्नच केलेलं नव्हतं, पण एवढ्याने तिवारीजींचं मत बदलण्यासारखं नव्हतं.

मग तो ऑगस्टमधला दिवस आला. सकाळपासून झड लागली होती, तिलवाऱ्याहून आणि वरच्या सगळ्या ठिकाणांहून चढते आकडे येत होते. आणि नेमक्या त्याच दिवशी मुख्यालयाने आमच्या प्रोग्रामची जुनी आवृत्ती घेणं बंद केलं. नवी टाकली नाही तर आकडे पुढे जाणार नाहीत. नवी टाकायला गेलो तर पाटी आली: परवानगी नाही. आम्ही सगळ्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. ती रिकामी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

फोन लावला. लागेना. दहा वेळा लावला. मिश्रा साहेबांचा चेहरा लाल व्हायला लागला. मग त्यांना आठवलं, त्यांच्या कपाटात पिंपळखुट्यांनी दिलेलं एक लाखबंद पाकीट आहे, वर लिहिलंय ‘केवल आपात स्थिति में खोलें.’ सगळे भोवती जमले. साहेबांनी लाख फोडली. आत एक चिठ्ठी होती. तीवर सुवाच्य अक्षरात महाराजपूरचा घरचा पत्ता, आणि खाली एक ओळ: ‘पिंपलखुटे को बुलाइए.’

साहेब जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाले, “वैद्य मॅडम, आप ही जाइए. आपकी भाषा में समझाइए उनको.”

ऑटो करून मी महाराजपूरला गेले. कॉलनीच्या टोकाचं बैठं घर. गॅसचा सिलिंडर बाहेर, लोखंडी जाळीत, कुलूप लावून. दार उघडलं ते एका म्हाताऱ्या गृहस्थांनी. खाकी शर्ट, कानावर पेन्सिल, हातात स्क्रू ड्रायव्हर. मला वरून खाली न्याहाळून म्हणाले, “नवीन आल्या काय? कोणत्या सेक्शनला?”

मागून पिंपळखुटे आले. गंजीफ्रॉक आणि पायजमा. त्यांना तसं पाहून मलाच अवघडल्यासारखं झालं.

“अप्पा आहेत,” ते म्हणाले. “माझे वडील. दिवसभर यांच्याजवळ राहणारी बाई आली नाही आज, तिची पोरगी आजारी आहे. फोन करणार होतो, पण...” त्यांनी खाली बोट दाखवलं.

खोलीभर वर्तमानपत्रं पसरलेली. एकावर मिक्सर, पूर्ण उघडलेला. एकावर टेबलफॅनची पाती. एकावर दाराची कडी. आणि एका कोपऱ्यात, अगदी नेटकेपणाने, एकेक भाग सुटा करून एकाखाली एक मांडलेला पिंपळखुट्यांचा मोबाइल. प्रत्येक कागदावर स्टीलची एक वाटी, वाटीत स्क्रू.

अप्पा संरक्षण कारखान्यातल्या टूलरूममध्ये फिटर होते. चाळीस वर्षं. रिटायर झाले, बायको गेली, मग हळूहळू एकेक गोष्ट विसरत गेले. घर विसरले, गाव विसरले. हात तेवढे विसरले नाहीत. सकाळी उठून अंघोळ करून, कानावर पेन्सिल लावून ते कामावर हजर होत आणि घरात जे दिसेल ते उघडत.

“गॅस आणि वीज एवढं बंद ठेवलंय,” पिंपळखुटे म्हणाले. पाहिलं तर विजेची सगळी बटणं छताजवळ नेऊन बसवलेली. “बाकी त्यांना सगळं खुलं आहे. मी ऑफिसातून आलो की परत जोडून ठेवतो.”

“रोज?”

“रोज.”

“एखाद्या दिवशी नाही जोडलं तर?”

“एकदा ताप होता मला, नव्हतं जोडलं. सकाळी दारात येऊन उभे राहिले. म्हणे, साहेब, आज जॉब नाही का? मला काढून टाकलं का?”

साहेब? मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण तेवढ्यात अप्पा मिक्सरचं भांडं घेऊन आले आणि त्यांच्यासमोर ताठ उभे राहिले. “साहेब, हे पातं बसून नाही राहिलं. उद्याच्या शिफ्टला घेतो.”

“घ्या,” पिंपळखुटे म्हणाले.

अप्पांच्या लेखी ते मुलगा नव्हते. टूलरूमचे सुपरवायझर होते. किती दिवसांपासून, ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, “तीन वर्षं होतील आता.”

मी कामाचं सांगितलं. नदी चढते आहे, प्रोग्राम अडला आहे, साहेब संतापले आहेत. पासवर्ड सांगा, मी जाऊन टाकते.

“सांगत नाही, ताई.”

“माझ्यावर विश्वास नाही?”

“तुमच्यावर आहे. म्हणून तर. एकदा माहीत झाला की तुम्हाला तो सांभाळावा लागल. काहून ते ओझं तुमच्या डोक्यावर द्यायचं?” ते क्षणभर अप्पांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ऑटो थांबवून ठेवला आहे ना? आम्ही दोघंही येतो.”

ऑटोत अप्पा मध्ये बसले. त्यांची नजर ऑटोच्या आरशाच्या स्क्रूवर गेली तसं पिंपळखुट्यांनी खिशातून एक जुनं कुलूप काढून त्यांच्या हातात दिलं. अप्पा त्यात रमले. ऑटोवाला आरशातून बघत होता. “बाबूजी मेकॅनिक हैं क्या?” त्याने विचारलं. पिंपळखुटे म्हणाले, “फिटर हैं. ए ग्रेड.”

कार्यालयात शिरलो तेव्हा सगळे उभेच होते. पिंपळखुटे सरळ मशीनपाशी गेले, आणि आम्ही सगळ्यांनी सवयीने खिडकीकडे तोंड केलं. बाहेर पाऊस कोसळत होता. दहा मिनिटांत नवी आवृत्ती बसली, आकडे गेले, वरून पोच आली. साहेबांचा राग मात्र अजून बाकी होता. ते केबिनमध्ये जाऊन बसले, आणि त्यांची खुर्ची नेहमीसारखी केकाटली. ती खुर्ची दोन वर्षांपासून केकाटत होती.

अप्पांनी कान टवकारले. कोणी थांबवायच्या आत ते केबिनमध्ये गेले. “उठा,” ते मिश्रा साहेबांना म्हणाले. मराठीतच म्हणाले, पण त्या आवाजात असं काही होतं की साहेब उठले. अप्पांनी खुर्ची आडवी केली आणि स्वतः शेजारी फरशीवर आडवे झाले. तिवारीजी धावत गेले. मला वाटलं आता हे काहीतरी बोलतील. तिवारीजींनी आपल्या खणातून पत्रिकेच्या कागदांखालून तेलाची छोटी कुपी काढली आणि उकिडवे बसून म्हणाले, “बाबूजी, तेल चाहिए?”

अर्धा तास कार्यालयात काम झालं नाही. अप्पा स्क्रू काढत, तिवारीजी ते ओंजळीत धरत. मग खुर्ची उभी राहिली. साहेबांनी बसून पाहिलं, मागे रेलून पाहिलं. आवाज नाही.

अप्पा उठले, हात पुसले आणि मिश्रा साहेबांना वळसा घालून पिंपळखुट्यांसमोर येऊन उभे राहिले. “साहेब, जॉब झाला. पास करा.”

मिश्रा साहेबांनी पिंपळखुट्यांना विचारलं, “पिताजी हैं आपके?”

उत्तर अप्पांनी दिलं. कारखान्यात चाळीस वर्षं बोललेल्या हिंदीत. “नहीं साहब. ये हमारे सुपरवायझर हैं. बहुत भले आदमी हैं. कभी चिल्लाते नहीं.”

पिंपळखुटे खुर्चीपाशी गेले, तिला एक पूर्ण गिरकी दिली, वाकून खालची कळ तपासली. मग खिशातली डायरी काढली, तीत काहीतरी लिहिलं, खाली सही केली आणि पान अप्पांना दाखवलं.

“पास,” ते म्हणाले. “काम चांगलं झालं, पिंपळखुटे.”

आपल्या वडिलांना आडनावाने हाक मारताना मी त्याआधी कोणाला ऐकलं नव्हतं. अप्पांची छाती फुगली. तिवारीजी खिडकीपाशी जाऊन उगाचच पाऊस बघत राहिले.

त्या दिवसानंतर आमच्या कार्यालयात एक नवी रीत पडली. कोणी सांगितलं नाही, ठरवलं नाही. तिवारीजींनी एक बंद पडलेला टॉर्च आणला. “बाबूजी के लिए.” मग मी आमचं किसणीचं जुनं यंत्र आणलं, मग दवाखानेवाल्याने रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र दिलं. मिश्रा साहेबांनी आपल्या मुलाच्या सायकलची घंटी पाठवली, एकदा नाही, दोनदा. दर शनिवारी पिंपळखुटे एक पिशवी भरून घरी नेत. बाराच्या फोनवर आता तिवारीजी जवळ येऊन उभे राहत आणि विचारत, “आज क्या खुला?” पिंपळखुटे सांगत. पासवर्ड अर्थातच त्यांनी कोणालाही दिला नाही, तिवारीजींनाही नाही. तिवारीजींनी मागायचं सोडलं होतं.

असं दीड वर्ष चाललं. मग थंडीत अप्पांना न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत ते गेले.

घाटावर आम्ही सगळे गेलो होतो. तेराव्यानंतरच्या रविवारी मी डबा घेऊन महाराजपूरला गेले. दुपारची वेळ होती. घरात सगळं जागच्या जागी होतं. मिक्सर ओट्यावर, पंखा टेबलावर, कडी दाराला. वर्तमानपत्रांची घडी घालून ठेवलेली. इतकं नीट घर की कुठे बसावं कळेना.

पिंपळखुट्यांनी चहा केला. मग मी नको तो प्रश्न विचारला. माझ्या तोंडून निघूनच गेला.

“शेवटी ओळखलं का हो त्यांनी तुम्हाला?”

“नाही,” ते म्हणाले. कपात बघत बसले. “दवाखान्यातून घरी आणलं होतं. सकाळी मी उशाशी होतो. माझा हात धरला आणि म्हणाले, ‘साहेब, आज लवकर सोडता का? घरी पोरगा एकटा आहे. लहान आहे. वाट पाहून राहिला असन.’”

“मग?”

“सोडलं,” पिंपळखुटे म्हणाले. “म्हटलं, जा.”

आणि उठून त्यांनी दोन्ही कप विसळायला नेले.